आबांचा वाचायचा डबा

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काचबिंदू असल्याचं कळलं तेव्हा त्यांचा एक डोळा जवळजवळ गेलेला होता. दुसरा पुढच्या तीन वर्षांत गेला. डॉक्टरांनी जेवढं होण्यासारखं होतं तेवढं केलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या बाजूला. आबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिले. दुपारच्या एसटीने पेपर यायचा. तो ते पहिल्या पानाच्या कोपऱ्यापासून शेवटच्या पानाच्या कोपऱ्यापर्यंत वाचत. निविदा, नाव बदलल्याच्या जाहिराती, हरवलेल्या गुणपत्रिका, काही सोडत नसत. डोळे गेल्यावर आई वाचून दाखवायला लागली. ती मोठेपणी साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, त्यामुळे मथळ्यापर्यंत तिचा दम टिके. शेजारचा एक पुतण्या भरभर वाचायचा, पण मधलं गाळायचा.

"तिसरा परिच्छेद खाल्लास," आबा म्हणायचे.

"कंटाळवाना होता, आबा."

"तो मला ठरवू दे की."

असं चार-सहा वेळा झालं आणि मग आबांनी कोणाला वाचायला सांगणंच बंद केलं. पेपर यायचा, घडी न मोडता ओटीवर पडून राहायचा. मी शहापूरहून महिन्यातून दोनदा जायची. एकदा मीच उचलून वाचायला लागले तर म्हणाले, "तू दमून आलीस. राहू दे." ते रागावले नव्हते. त्यांनी मागणं सोडून दिलं होतं, एवढंच. आयुष्यभर दुसऱ्यांना वाचायला शिकवलेल्या माणसाला रोज कोणाच्या तरी फुरसतीची वाट बघायची नव्हती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की यांना वाचून दाखवणारं माणूस नकोय. कोणाला विचारावं लागणार नाही असं काहीतरी हवंय.

आधी कॅसेटी करून पाहिल्या. माझ्या शहापूरच्या क्लासमधल्या दोन मुलींचा आवाज चांगला होता. त्यांनी आणि मी मिळून दोन पुस्तकं वाचून भरली. पण कुठली कॅसेट कुठली, कुठली बाजू, फीत गुंतली की काय करायचं, या सगळ्यासाठी पुन्हा आईला हाक मारावी लागायची. एमपीथ्रीचा छोटा प्लेअर दिला, तर त्याची बटणं तांदळाएवढी आणि मेनू पडद्यावर. तो आठ दिवसांत फडताळात गेला.

शहापूरला माझा क्लास होता. नव्वदच्या दशकात टायपिंगच्या मशिनी, मग त्यांच्या जागी कॉम्प्युटर. लिनक्स मी हौसेने शिकले नाही. मुलं फ्लॉप्यांमधून व्हायरस आणायची आणि दर आठवड्याला मला सगळी यंत्रं पुसून नव्याने भरावी लागायची, म्हणून शिकले. संगणकाच्या मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट यायची. तिच्यावर दोन वर्षं डोकं घातलं आणि मग ते मला जमायला लागलं.

दोन हजार सहा-सातच्या सुमारास क्लाससाठी मी मुंबईहून एक सेकंडहँड वस्तू आणली होती. जाड शब्दकोशाएवढी प्लास्टिकची पेटी, आत एक हार्डडिस्क, मागे नेटवर्कची वायर लावायची जागा. सगळ्या कॉम्प्युटरांनी आपापल्या फायली तिच्यात ठेवायच्या, एवढंच तिचं काम. पण तिच्या पोटात एक छोटा प्रोसेसर होता, म्हणजे तोही एक कॉम्प्युटरच, फक्त पडदा आणि कीबोर्ड नसलेला. इंटरनेटवर काही लोक अशा पेट्यांमधला कंपनीचा प्रोग्राम काढून त्यात पूर्ण लिनक्स बसवत होते. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटली. पेटी बारा व्होल्टवर चालायची, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर.

गावाला तेव्हा लोडशेडिंग होतं. सकाळी अकराला गेलेली लाईट तीनला यायची, संध्याकाळी पुन्हा जायची. आबांची वाचायची वेळ दुपारची. विजेवर चालणाऱ्या कुठल्याही यंत्राचा त्यांना उपयोग नव्हता.

मी पेटीत लिनक्स बसवलं. मागे दोन यूएसबीच्या जागा होत्या. एकीत आवाजाचं कार्ड आणि स्पीकर, दुसरीत फक्त आकड्यांचा, मोठ्या बटणांचा कीबोर्ड. एक दाबला की पेपर, दोन दाबला की पुस्तक, पाच दाबला की थांब, पुन्हा दाबला की चालू, चार मागे, सहा पुढे. पाचवर जो उंचवटा असतो, तो बोटाला लागतो. जिथे थांबलो तिथून पुढे सुरू व्हायचं. मुली पंधरा दिवसांचा पेपर वाचून ठेवायच्या, निविदांसकट, आणि मी तो गावी जाताना पेनड्राइव्हवर न्यायची. शिळा पेपर चालेल का, असं मी आबांना विचारलं होतं.

"मी सातवीला इतिहास शिकवायचो," ते म्हणाले. "पंधरा दिवसांनी काय फरक पडतो?"

बॅटरीची सोय मुरबाडच्या एसटी स्टँडमागे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एकाने केली. जीपची जुनी बॅटरी, लाईट असताना चार्ज करणारा चार्जर, मधे फ्यूज. त्याच बॅटरीवर त्याने आबांचा रेडिओही जोडून दिला.

"आज्याला गानी ऐकवायला एवढा खटाटोप, ताई?"

"गाणी नाहीत. पेपर."

"पेपर? रेडिओवर बातम्या लागतातच की फुकट."

"त्यात निविदा नसतात."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फ्यूज बसवायला घेतला.

पहिले दहा दिवस छान गेले. मग आईचा फोन. "ते डबडं मधीच बंद पडतं गो. मंग त्याला लाल दिवा लागतो. तू सांगितलंस तसं बटन दाबून धरते, तवा चालू होतं. पन मी शेतावर असली का हे बसून राहतात."

"हाक मारत नाहीत?"

"ते कशाला मारतील."

बॅटरी उतरली की पेटी बंद पडायची, ते ठीक. चार्ज झाली की तिने आपोआप उठायला हवं होतं. ती उठायची नाही. पेटी चालू झाल्यावर सगळ्यात आधी तिच्यातला एक चिमुकला प्रोग्राम जागा होतो. त्याला बूटलोडर म्हणतात. तो हार्डडिस्क शोधतो आणि पुढचं सगळं तिच्यावरून सुरू करतो. कंपनीचा बूटलोडर डिस्कची चार-पाच सेकंद वाट बघायचा आणि सोडून द्यायचा. अर्धवट चार्ज झालेल्या बॅटरीवर डिस्कला फिरायला जास्त वेळ लागायचा. शहापूरला, चांगल्या विजेवर, हे मला कधी दिसलंच नव्हतं. तो लाल दिवा आबांना दिसत नव्हता आणि दिसला असता तरी बटण दुसऱ्याने दाबायचं होतं. म्हणजे सगळं पुन्हा मागण्यावर आलं.

उपाय एकच होता. तो बूटलोडर काढून, डिस्क जागी होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाट बघणारा दुसरा बसवायचा. मी पंधरा दिवस दुपारच्या मोकळ्या तासात तो जुळवत बसले. इंटरनेटवरच्या एका माणसाने, कुठल्याशा थंड देशातल्या, मला एकच सूचना मोठ्या अक्षरांत लिहून पाठवली: लिहिणं चालू असताना वीज जाता कामा नये. गेली तर पेटी दगड.

क्लासला एक दिवस सुट्टी देऊन, सेकंडहँड लॅपटॉप घेऊन मी सकाळच्या एसटीने निघाले. सरळगावावरून मुरबाड, तिथून म्हशाकडे जाणारी जीप. घरी पोचले तेव्हा सव्वादहा झाले होते. आई म्हणाली आधी चहा घे. घेतला. बॅटरीवर माझा भरवसा नव्हता, म्हणून पेटी भिंतीतल्या प्लगला लावली. लाईट अकराला जाणार. लिहायला लागणार अडीच मिनिटं. आईला सांगितलं, कोणी या वायरला पाय लावू नका. ती बरं म्हणाली आणि विहिरीवर गेली.

शाळेची पावणेअकराची घंटा झाली. ती मला ऐकू आली आणि मी तेवढ्यात लिहायला सुरुवात केली. अजून पंधरा मिनिटं आहेत असं मनात म्हटल्याचंही आठवतं. वीस टक्के, तीस टक्के. मग पंखा थांबला, पेटीचा दिवा गेला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर आकडा तिथेच राहिला.

बाहेरच्या पडवीतून आबा भिंतीला हात लावत आत आले.

"मेन बंद केला गं. अकराला लाईट जाईल आता."

ही गोष्ट मला माहीत होती. दोन वर्षांपूर्वी लाईट परत येताना दाब एकदम चढला आणि टीव्ही जळाला. तेव्हापासून लाईट जायच्या आधी मेन स्विच बंद करायचा आणि आल्यावर दहा मिनिटं थांबून लावायचा, असं आमच्याकडे ठरलं होतं. आमच्या अर्ध्या गावात तसंच करत. आमच्या घरात हे काम आबांचं. दिसत नसलं तरी शाळेची घंटा ऐकू यायची. ते एक दिवसही चुकले नव्हते. डोळे गेल्यावर घरातलं जे एक काम त्यांच्याकडे उरलं होतं ते हे.

मी आईला सांगितलं होतं. माझ्याच बापाच्या पेटीबद्दल, त्यांच्याच घरात, त्यांना सोडून बाकी सगळ्यांना सांगितलं होतं. त्यांच्यासाठी काहीतरी करायचं आहे एवढंच माझ्या डोक्यात होतं. तेही त्या घरात काही करतात, हे नव्हतं.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्यांच्या आसपासचे सगळेच तेव्हा त्यांच्याशी थोडंथोडं खोटं बोलायला लागले होते. डोळा बरा दिसतोय का आज, असं त्यांनी विचारलं की लोक हो म्हणायचे. मला ते आवडत नसे.

"लिहिणं चालू होतं, आबा. मधेच वीज गेली. पेटी आता चालू होणार नाही."

"मी मेन बंद केला म्हणून?"

"हो. पण मी तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही."

ते खुर्चीची पाठ चाचपून बसले. मग म्हणाले, "राहू दे ते आता. मला नको."

"दुरुस्त होईल."

"होईल. पण मला नको. एवढं तू बसून करायचं, मी येऊन मोडायचं. त्यापेक्षा नसलेलं बरं."

तीनला लाईट आली तेव्हा ते उठले नाहीत. दहा मिनिटांनी आईने मेन लावला. "आजपासून तूच बघत जा," ते तिला म्हणाले. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवी भरायला घेतली. नुसती पेटी बिघडली असती तर मला एवढं वाटलं नसतं.

पेटी मेली होती, पण पुरती नाही. अशा बोर्डांच्या कडेला कारखान्यातल्या तपासणीसाठी दहा-बारा बारीक भोकं ठेवलेली असतात. बूटलोडर नसला तरी तिथे वायरी जोडून चिपवर सरळ लिहिता येतं. त्यासाठी प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या जुन्या केबलचं टोक, चार रेझिस्टर आणि वीतभर वायर पुरते. कमी पडतो तो माझा हात. त्या भोकांना डाग द्यायचा, सोल्डरिंग करायचं, म्हणजे बारीक काम, आणि मला तोवर चाळिशी लागली होती. म्हणून परत जाताना मुरबाडला त्या टीव्हीवाल्याकडे उतरले.

त्याने पेटी उघडली, भिंग लावलं, उलटसुलट पाहिली.

"टीव्हीचा पेशंट निदान घरघर तरी करतो, ताई. हा तर पार गप पडलाय. कोनी मारला?"

"मी."

"मंग बरोबर. घरचाच मानूस असतो." त्याने डाग देणारी सळई तापत ठेवली. "आज्या काय बोलला?"

"नको म्हणाले."

"आमचा बा पन असाच. ऐकायचं मशीन आनून दिलं कानाला, तर बोलतो मला नको, बाकीच्यांना वरडू दे." मग त्याने भिंगाखाली मान घातली आणि अर्धा तास ती वर काढली नाही. सगळ्या वायरी पहिल्या झटक्यात बसल्या. दुसऱ्याच्या हातातलं कसब बघायला मला आवडतं. माझं अर्धं काम त्याने तिथेच केलं.

क्लासमध्ये प्रिंटरची ती जुनी जागा असलेला एकच कॉम्प्युटर उरला होता. पहिल्या दोन वेळा त्याने चिप ओळखलीच नाही. वायर लांब झाली होती, ती कापून तोकडी केली. तिसऱ्या वेळी ओळखली. या वाटेने लिहिणं फार सावकाश होतं. बूटलोडरचा तो अडीचशे केबीचा तुकडा लिहायला पावणेदोन तास लागले. तेवढ्यात दुपारच्या दोन बॅच झाल्या. मुली आत येताना दबकत यायच्या, जणू वर्गात कोणी झोपलंय. संपल्यावर पेटीला वीज दिली. डिस्क फिरायचा आवाज आला. मी चहा मागवला.

आता एक काम उरलं होतं आणि ते गावालाच होण्यासारखं होतं. डिस्कची वाट किती वेळ बघायची ते त्या बॅटरीवर मोजायचं आणि तो आकडा घालून बूटलोडर पुन्हा एकदा लिहायचा. म्हणजे तीच धोक्याची वेळ परत.

पुढच्या आठवड्यात पहाटेच्या एसटीने गेले. आबा ओटीवर होते. मी समजूत वगैरे घातली नाही, तसलं मला जमत नाही. पेटी त्यांच्याशेजारी ठेवली आणि विचारलं, "आबा, मला अडीच मिनिटं हवीत. वीज जायला नको, कमी-जास्तही व्हायला नको. या वेळी बॅटरीवर करीन म्हणते."

मला वाटलं, पुन्हा नको म्हणणार.

"बॅटरीवर करू नकोस," ते म्हणाले. "काल दिवसभर लाईट नव्हती. रेडिओ सकाळपासून बारीक बोलतोय. ती उतरली आहे."

"मग भिंतीवर?"

"आत्ता नको. गिरणी चालू आहे. ती सुरू झाली की आपला पंखा मंद होतो, तू ऐकलं नाहीस का कधी? दहाला गिरणीवाला ती बंद करतो. मग पाच मिनिटांनी घे. तोवर तुझ्या आईला सांग, खालच्यांची पाण्याची मोटार लागू द्यायची नाही."

आई आतून म्हणाली, "खालच्यांना मी कशी सांगू? त्यांची मोटार हाय."

"सांग, मास्तरांनी सांगितलंय."

दहाला गिरणी थांबली. मला ती चालू असल्याचंही ऐकू आलं नव्हतं, थांबल्यावर कळलं. आबा उठले, पडवीत गेले आणि मेन स्विचखालच्या स्टुलावर पाठ भिंतीला लावून बसले. कोणी सांगितलं नव्हतं. पुतण्या काहीतरी घ्यायला आला, त्याला त्यांनी उंबऱ्याबाहेरच उभं केलं.

"कशाला पन, आबा?"

"काम चाललंय."

"कसलं?"

"माझं," आबा म्हणाले.

पाच मिनिटांनी त्यांनी आवाज दिला, "घे." मी सुरू केलं आणि त्यांना ऐकू जाईल असे टक्के मोठ्याने वाचत गेले. चाळीस. पंचावन्न. ऐंशी. शंभर. मग आपण लिहिलेलं आणि तिथे पोचलेलं ताडून बघितलं, जुळलं. पेटी बंद करून उतरलेल्या बॅटरीला लावली आणि चार्जर चालू केला. डिस्क एकदा कण्हली आणि थांबली. पुन्हा कण्हली. आबा स्टुलावरून उठून दारात आले होते. सहाव्या की सातव्या वेळी ती फिरायला लागली आणि फिरत राहिली. कोणी बटण दाबलं नाही.

आबांनी कीबोर्ड मांडीवर घेतला. पाचवरचा उंचवटा शोधला, तिथून बोट खाली डावीकडे सरकवून एक दाबला. क्लासमधल्या मुलीचा आवाज आला, मुरबाड पंचायत समितीच्या कसल्याशा निविदेचा. त्यांनी ती सगळी ऐकली. मग म्हणाले, "हिला सांग, स्वल्पविरामाला थांबायचं असतं."

अकराच्या आधी घंटा झाली. त्यांनी पाच दाबला, पडवीत जाऊन मेन बंद केला, परत आले आणि पुन्हा पाच दाबला.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी दुपारी मी फोन केला. पेटी परत अडकली का ते विचारायचं होतं. आईने उचलला.

"आबांना दे."

ती आत गेली, परत आली. मागे कोणीतरी काहीतरी वाचत असल्याचा आवाज येत होता.

"मागून कर, बोलतात. मधी उठायचं नाय त्यांना."

"बरं," म्हटलं आणि फोन ठेवला. माझीही तीनची बॅच बसली होती.